नऊ ग्रिझली आणि सात ऱ्हायनो: रणगाड्यांचा समतोल कसा तपासावा

डावपेचांचा खेळ नव्याने खेळू लागलेला माणूस पहिल्या चार-सहा डावांतच एक तक्रार घेऊन येतो: समोरच्याचा रणगाडा आपल्यापेक्षा भारी आहे, त्यामुळे आपण हरलो. ही तक्रार कधी खरी असते, कधी नसते. पण ती खरी आहे की नाही हे ठरवण्याची रीत बहुतेकांना कोणी शिकवलेली नसते. परळला आमच्या घरी रविवारी दुपारी माझा पुतण्या आणि त्याचे दोन-तीन मित्र लॅपटॉप जोडून 'रेड अलर्ट २' खेळतात, आणि तिथे "काका, ऱ्हायनो ओपी आहे", म्हणजे ऱ्हायनो हा रणगाडा प्रमाणाबाहेर ताकदवान आहे, हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले की शेवटी त्यांच्यासाठी ही तपासणी पायरीपायरीने लिहून काढावी असे वाटले. तीच येथे थोडी विस्ताराने मांडत आहे.

हा खेळ वेस्टवुड स्टुडिओजने २००० साली आणला आणि त्याची पुरवणी 'युरीज रिव्हेंज' २००१ मध्ये आली. उदाहरणासाठी तो निवडण्याचे कारण जुनी माया एवढेच नाही. त्यातील प्रत्येक रणगाड्याची किंमत, ताकद आणि वेग साध्या मजकुराच्या एका फाइलमध्ये लिहिलेले असतात, त्यामुळे नवख्या माणसाला अंदाजावर विसंबून राहावे लागत नाही. शिवाय त्यात मित्रराष्ट्रांचा ग्रिझली आणि सोव्हिएतांचा ऱ्हायनो असे दोन मुख्य रणगाडे आहेत, जे एकाच कामासाठी आहेत पण एकसारखे नाहीत. समतोलाचा अभ्यास करायला अशी जोडी फार चांगली. ही पद्धत समजली की ती दुसऱ्या कोणत्याही खेळाला लावता येते.

तयारी

सर्वप्रथम दोन्ही संगणकांवर खेळाची आवृत्ती एकच असल्याची खात्री करून घ्यावी. मूळ खेळाची शेवटची अधिकृत आवृत्ती १.००६ आहे आणि पुरवणीची १.००१. आकड्यांची फाइल मूळ खेळात 'रूल्स डॉट आयएनआय' या नावाची आणि पुरवणीत 'रूल्सएमडी डॉट आयएनआय' या नावाची असते. ती खेळाच्या मोठ्या गठ्ठा-फाइलमध्ये बांधलेली असल्यामुळे 'एक्ससीसी मिक्सर' नावाच्या साधनाने बाहेर काढावी लागते. बाहेर काढलेली फाइल खेळाच्या फोल्डरमध्ये ठेवली, तर खेळ गठ्ठ्यातील फाइलऐवजी तीच वाचतो. म्हणून केवळ वाचण्यासाठी काढलेली प्रत दुसऱ्या फोल्डरमध्ये ठेवावी. एका लॅपटॉपवर बदललेली फाइल आणि दुसऱ्यावर मूळ फाइल अशी स्थिती झाली, तर दोन्ही संगणकांचे हिशेब जुळत नाहीत आणि डाव मध्येच तुटतो. आमच्याकडे एकदा असेच झाले होते, आणि नेटवर्क बिघडले असे समजून आम्ही दोन तास केबली तपासत बसलो होतो.

एक वही हवी. मोबाइलवर नोंद केली तरी चालेल, पण माझा अनुभव असा की पडद्यावर लढाई चालू असताना हाताशी उघडी वही असली म्हणजे नोंद खरोखर होते.

पहिली पायरी: आकडे उतरवून घ्यावेत

ग्रिझलीची किंमत ७०० आणि हेल्थ ३०० आहे. त्याचा एक गोळा ६५ हेल्थ काढतो आणि दोन गोळ्यांमध्ये ६० फ्रेम, म्हणजे खेळाच्या आतल्या घड्याळाचे ६० ठोके, जातात. ऱ्हायनोची किंमत ९०० आणि हेल्थ ४०० आहे, त्याचा गोळा ९० हेल्थ काढतो आणि दोन गोळ्यांमध्ये ६५ फ्रेम जातात. वेगाच्या रकान्यात ग्रिझलीपुढे ७ आणि ऱ्हायनोपुढे ६ लिहिलेले आहे. दोघांचे चिलखत एकाच प्रकारचे, म्हणजे जड आहे, आणि त्यांचे गोळे या चिलखतावर पूर्ण मारा करतात. गोळा किती अंतरावरून मारता येतो, तो पल्ल्याचा आकडाही याच फाइलमधून उतरवून घ्यावा. त्याचे काम पुढे पडणार आहे.

वेळ सेकंदांत न मोजता फ्रेममध्ये मोजण्याचे कारण असे की खेळाची गती वरखाली केली तर सेकंद बदलतात, फ्रेम बदलत नाहीत. नवख्या खेळाडूंनी ही सवय सुरुवातीपासूनच लावून घ्यावी.

चिलखताचा रकाना मात्र कधीही वगळू नये. येथे दोन्ही बाजूंचे चिलखत सारखे असल्यामुळे आपले काम सोपे झाले आहे. सर्वत्र तसे नसते. १९९८ च्या 'स्टारक्राफ्ट'मधील सीज टँक ठाण मांडून बसला की त्याचा गोळा ७० चा असतो, परंतु लहान आकाराच्या शत्रूवर त्याचा निम्माच मारा लागू होतो, म्हणजे ३५. झर्गलिंग या त्या खेळातल्या लहान प्राण्याची हेल्थही नेमकी ३५ आहे, त्यामुळे एका गोळ्यात एक झर्गलिंग संपतो. जो फक्त ७० हा आकडा पाहतो त्याला यातले काहीच कळत नाही.

दुसरी पायरी: एकास एक झुंज मांडावी

आता दोघांना समोरासमोर उभे करून कागदावर लढवावे. ४०० ला ६५ ने भागले तर ६.१५ येतात, परंतु गोळा अर्धामुर्धा सुटत नाही, म्हणून ऱ्हायनो संपवायला ग्रिझलीला ७ गोळे लागतात. ३०० ला ९० ने भागले तर ३.३३ येतात, म्हणून ग्रिझली संपवायला ऱ्हायनोला ४ गोळे पुरतात. पहिला गोळा दोघांनी एकाच क्षणी सोडला असे धरले, तर ऱ्हायनोचा चौथा गोळा १९५ व्या फ्रेमला सुटतो. तोपर्यंत ग्रिझलीचे चारच गोळे सुटलेले असतात आणि ऱ्हायनोची १४० हेल्थ शिल्लक असते. म्हणजे एकास एक झुंजीत ऱ्हायनो स्पष्टपणे जिंकतो.

बहुतेकांची तक्रार येथेच जन्माला येते आणि येथेच थांबते. शितावरून भाताची परीक्षा होते, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पण एका झुंजीवरून फौजेची परीक्षा होत नाही. भाताची सगळी शिते एका भांड्यात सारखीच शिजतात. रणगाड्यांचे तसे नाही, कारण दोघे मिळून लढले की प्रत्येकाचे आयुष्य बदलते आणि मुख्य म्हणजे दोघांची किंमत सारखी नाही.

या पायरीतून एक आकडा मात्र पुढे न्यायचा आहे. ग्रिझलीला एक ऱ्हायनो संपवण्यासाठी ७ गुणिले ६० म्हणजे ४२० फ्रेमचा मारा खर्चावा लागतो, तर ऱ्हायनोला एक ग्रिझली संपवण्यासाठी ४ गुणिले ६५ म्हणजे २६० फ्रेमचा. ४२० भागिले २६० बरोबर साधारण १.६. हा १.६ वहीत ठळक लिहून ठेवावा.

तिसरी पायरी: पैसे सारखे करावेत

दादरच्या मंडईत आपण भोपळ्याशी भोपळा लावून कोणता मोठा ते पाहत नाही, किलोचा भाव विचारतो. रणगाड्यांनाही हाच न्याय लावावा. ९ ग्रिझलींची किंमत ६३०० आणि ७ ऱ्हायनोंची किंमतही ६३००. ही जोडी सुदैवाने पूर्ण संख्येत जमते, त्यामुळे तपासणी नऊ विरुद्ध सात अशीच करावी. पाच विरुद्ध पाच असा सामना लावणे म्हणजे एका बाजूला हजार रुपये जास्त देऊन मग ती बाजू जिंकली याचे आश्चर्य करण्यासारखे आहे.

या खेळात रणगाडा तयार व्हायला लागणारा वेळ साधारणपणे त्याच्या किमतीच्या प्रमाणात असतो. त्यामुळे एका कारखान्यातून समान पैशांची फौज जवळपास समान वेळात बाहेर पडते आणि पैसा व वेळ यांचा वेगवेगळा हिशेब करावा लागत नाही. दुसरा खेळ घेतल्यास हे आधी तपासावे. काही खेळांत स्वस्त युनिट (रणगाडा, सैनिक असा फौजेतला एक घटक) बनायला वेळ फार घेते, आणि तेथे समान पैशांची तुलना अपुरी ठरते.

चौथी पायरी: मोकळ्या मैदानाचा हिशेब

येथे थोडे थांबून विचार करावा लागेल, कारण या संपूर्ण विषयाचे मर्म या पायरीत आहे. मोकळ्या मैदानावर सर्वच्या सर्व रणगाडे एका वेळी गोळे सोडू शकतात. अशा वेळी संख्या वाढली की दोन गोष्टी एकदम वाढतात: आपला मारा वाढतो आणि मार खाण्याची आपली एकूण क्षमताही वाढते. मारा जास्त असल्यामुळे शत्रू लवकर घटतो, शत्रू घटल्यामुळे आपले कमी मरतात, आणि आपले जास्त उरल्यामुळे मारा टिकून राहतो. इंग्रज अभियंता फ्रेडरिक लँचेस्टर याने पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१६ मध्ये, हा विचार गणितात मांडला. त्याचे सार असे की अशा लढाईत फौजेचे बळ संख्येच्या नव्हे, तर संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते.

याचा आपल्याला लागणारा अर्थ सोपा आहे. एकास एक झुंजीत ऱ्हायनो १.६ पट भारी असला, तरी मोकळ्या मैदानात एका ऱ्हायनोची बरोबरी करायला १.६ ग्रिझली लागत नाहीत, १.६ चे वर्गमूळ, म्हणजे साधारण १.२७ ग्रिझली पुरतात. आता किंमत पाहा. ९०० भागिले ७०० म्हणजे १.२९. बळाचे गुणोत्तर १.२७ आणि किमतीचे १.२९ असेल, तर आपण जितके पैसे टाकतो जवळजवळ तितकेच बळ आपल्याला मिळते. नऊ ग्रिझली आणि सात ऱ्हायनो मोकळ्या मैदानात तोलामोलाचे आहेत, आणि अगदी काटेकोर बोलायचे तर ग्रिझलीचे पारडे किंचित जड आहे. मी हा हिशेब पहिल्यांदा वहीत मांडला तेव्हा मला खूप आनंद झाला होता. ज्या रणगाड्याला मुले आठवडेच्या आठवडे दोष देत होती, त्याची किंमत इतकी नेमकी निघाली होती.

येथे एक बारकावा सांगायला हवा. गोळे पूर्ण संख्येत न मोजता केवळ सरासरी मारा धरला, म्हणजे हेल्थ, दर फ्रेमचा मारा आणि संख्येचा वर्ग यांचा गुणाकार केला, तर ग्रिझलीच्या बाजूला सुमारे २६,३०० आणि ऱ्हायनोच्या बाजूला सुमारे २७,१०० येतात. म्हणजे ऱ्हायनो किंचित वरचढ दिसतो. पूर्ण गोळ्यांच्या हिशेबात मात्र ग्रिझली किंचित वरचढ दिसतो. दोन्ही फरक दोन-तीन टक्क्यांचे आहेत, आणि खेळाडूच्या एका चुकीत त्याच्या कितीतरी पट नुकसान होते. म्हणून एवढ्या फरकावरून कोणता रणगाडा भारी, असा निकाल देऊ नये.

पाचवी पायरी: अरुंद जागेचा हिशेब

संध्याकाळी साडेसहा वाजता दादर स्टेशनच्या जिन्यावर खाली दोनशे माणसे उभी असली, तरी एका वेळी पायरी चढतात ती पुढची तीन-चारच. मागच्यांच्या घाईचा काही उपयोग नसतो. अरुंद पुलावर किंवा दोन कड्यांमधल्या वाटेवर रणगाड्यांचेही असेच होते. पुढचे दोन-तीनच गोळे सोडू शकतात, आणि ते पडल्याशिवाय मागच्यांना जागा मिळत नाही. अशा ठिकाणी संख्येचा वर्ग चालत नाही, साधी संख्या चालते. मग एक ऱ्हायनो खरोखरच १.६ ग्रिझलींच्या बरोबरीचा ठरतो, आणि सात ऱ्हायनोंना अडवायला सुमारे ११ ग्रिझली लागतात. आपल्याकडे त्याच पैशांत नऊच आहेत.

आमच्या मुलांच्या तक्रारीचे मूळ मला येथे सापडले. ती मुले ज्या नकाशावर खेळत होती, त्यात दोन्ही तळांच्या मध्ये नदी होती आणि मोठी लढाई दर वेळी पुलावर होत होती. एका रविवारी मी त्यांना शेवटची लढाई थांबवून पडदा पाहायला सांगितले. पुलाच्या तोंडाशी दोन ग्रिझली जळत होते, त्यांच्या मागे चार ग्रिझली एकमेकांना खेटून उभे होते, आणि त्या चौघांची हेल्थची पट्टी पूर्ण हिरवी होती. त्यांनी अजून एकही गोळा सोडलेला नव्हता. २८०० किमतीची फौज रांगेत उभी राहून वाट पाहत होती. पुतण्याने बराच वेळ त्या चार हिरव्या पट्ट्यांकडे पाहिले आणि विचारले, "मग पुलावर जायचंच नाही का?" माझ्या मते समतोलाविषयी नवख्या खेळाडूने विचारावा असा हा सर्वांत चांगला प्रश्न आहे.

येथेच वेगाचा आकडा कामी येतो. सातचा वेग असलेला ग्रिझली सहाचा वेग असलेल्या ऱ्हायनोपेक्षा तेच अंतर सुमारे एक सप्तमांश कमी वेळात कापतो. लढाईतून माघार घेऊन शत्रूला मोकळ्या जागेत ओढून आणणे, किंवा तो पुलावर येण्याआधी पलीकडे पसरून उभे राहणे, हे त्याला जमते. म्हणजे अरुंद जागेत तो कमी पडतो, पण अरुंद जागा टाळण्याचे साधन त्याच्याच जवळ आहे. ज्याला हे साधन वापरायचे नाही, त्याला ग्रिझली दुबळाच वाटणार.

सहावी पायरी: प्रत्यक्ष चाचणी

कागदावरचा हिशेब हे केवळ अनुमान आहे. ते खेळात तपासून पाहावे. नद्या आणि कडे नसलेला सपाट नकाशा घ्यावा. दोघांनी आपसात तह करून नऊ ग्रिझली आणि सात ऱ्हायनो तयार होईपर्यंत हल्ला करू नये. इमारती, तोफा आणि पायदळ यांच्यापासून दूर, मैदानाच्या मध्यभागी दोन्ही फौजा समोरासमोर आडव्या रांगेत मांडाव्यात. पहिल्या काही फेऱ्यांत हल्ल्याचा एकच आदेश देऊन हात माऊसवरून काढून घ्यावा, म्हणजे खेळाडूच्या कौशल्याचा परिणाम निकालात मिसळत नाही. प्रत्येक फेरीनंतर बाजू बदलावी. ज्याने ग्रिझली चालवले त्याने आता ऱ्हायनो चालवावेत, आणि उत्तरेकडच्या फौजेने दक्षिणेकडे जावे.

वहीत केवळ कोण जिंकले एवढेच न लिहिता किती रणगाडे उरले आणि त्यांची हेल्थ किती होती, हेही लिहावे. एका रणगाड्याने जिंकलेली लढाई आणि पाच रणगाड्यांनी जिंकलेली लढाई यांना एकाच रकान्यात बसवले, तर हाती असलेली अर्धी माहिती आपणच फेकून देतो.

फेऱ्या किती कराव्यात, याविषयी मी आग्रही आहे. दहा फेऱ्यांत सात-तीन असा निकाल लागला की मुले लगेच टाळ्या वाजवतात. पण दोन्ही बाजू अगदी समान असल्या तरी, नाणेफेकीप्रमाणे, दहापैकी सात किंवा त्याहून अधिक फेऱ्या एखाद्या ठरावीक बाजूने जिंकण्याची शक्यता सुमारे १७ टक्के असते, आणि दोहोंपैकी कोणत्याही बाजूने तसे जिंकण्याची सुमारे ३४ टक्के. तीन वेळा चाचणी केली तर एकदा असा निकाल निव्वळ योगायोगाने येऊ शकतो. तेच दहापैकी नऊ किंवा दहा फेऱ्या एका ठरावीक बाजूने जिंकण्याची शक्यता जेमतेम एक टक्का असते. म्हणून सात-तीन आला तर आणखी दहा फेऱ्या कराव्यात, आणि नऊ-एक आला तर कारण शोधायला लागावे.

कारण शोधताना सर्वांत आधी पाहावे की पहिली फैर कोणाची पडली. नेम धरून मारा केला, तर हा फरक किती मोठा आहे ते मोजून दाखवतो. ग्रिझलींची पहिली फैर आधी पडली, तर नऊपैकी सात गोळ्यांत एक ऱ्हायनो संपतो आणि लढाई नऊ विरुद्ध सहा होते. एका ऱ्हायनोमागे दीड ग्रिझली. ऱ्हायनोंची फैर आधी पडली, तर चार गोळ्यांत एक ग्रिझली संपतो, उरलेल्या तीन गोळ्यांनी दुसऱ्याची हेल्थ ३० वर येते, आणि लढाई आठ विरुद्ध सात होते. एका ऱ्हायनोमागे जेमतेम १.१४ ग्रिझली. बरोबरीची रेषा १.२७ वर आहे, हे आपण पाहिलेच. म्हणजे एका फैरीने पारडे रेषेच्या या बाजूचे त्या बाजूला जाते. पल्ल्याचा आकडा वहीत उतरवायला सांगितला होता तो यासाठीच: ज्याचा पल्ला जास्त, त्याला पहिली फैर मिळण्याची संधी जास्त.

यानंतर हाताने चालवलेल्या फेऱ्या कराव्यात, आणि येथे नवख्यांची एक चूक हमखास दिसते. सगळे रणगाडे एकत्र निवडून सगळ्यांना एकाच शत्रूवर मारा करायला सांगितले जाते. नऊ ग्रिझली एका ऱ्हायनोवर तुटून पडले तर सात गोळे कामी येतात आणि दोन वाया जातात. सात ऱ्हायनो एका ग्रिझलीवर तुटून पडले तर चार कामी येतात आणि तीन वाया जातात, म्हणजे फैरीतला ४० टक्क्यांहून अधिक मारा वाया जातो. ऱ्हायनो चालवणाऱ्याने चारचा एक आणि तीनचा एक असे दोन गट करून त्यांना वेगवेगळे क्रमांक द्यावेत. ग्रिझली चालवणाऱ्याने सातचा गट करावा आणि उरलेल्या दोघांना दुसऱ्या लक्ष्यावर लावावे. एवढी एक सवय लागली की हरलेल्या लढाया जिंकता येऊ लागतात, आणि रणगाड्याविषयीची तक्रार आपोआप कमी होते.

सातवी पायरी: रणगाड्याच्या आजूबाजूला पाहावे

दोन रणगाड्यांची तुलना येथे पूर्ण झाली, तरी डाव केवळ त्या दोघांचा नसतो. या खेळात आपल्या किमतीच्या तिप्पट मोलाचा शत्रू नष्ट केला की युनिटला बढती मिळते, म्हणजे ते अधिक ताकदवान होते. ग्रिझलीला त्यासाठी २१०० मोलाची शिकार लागते, म्हणजे तीन ऱ्हायनो, कारण दोन ऱ्हायनोंचे १८०० च होतात. ऱ्हायनोला २७०० ची शिकार लागते, म्हणजे चार ग्रिझली. शिवाय शत्रूच्या रणगाड्यांच्या कारखान्यात आपला हेर शिरला तर आपले नवे रणगाडे बढती घेऊनच बाहेर पडतात, आणि हेर फक्त मित्रराष्ट्रांकडे असतो. ग्रिझलीच्या किमतीत ही सोय लिहिलेली नसते, पण ती त्याच्या बाजूने मोजावी लागते.

'युरीज रिव्हेंज' खेळणाऱ्यांनी एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. तेथे सोव्हिएतांना औद्योगिक कारखाना बांधता येतो आणि तो उभा राहिला की त्यांची वाहने २५ टक्के स्वस्त होतात. मग ९०० चा ऱ्हायनो ६७५ ला पडतो, म्हणजे ग्रिझलीपेक्षाही स्वस्त. ही बातमी मुलांना कळली तेव्हा आमच्या घरी मोठाच गलका झाला. परंतु तो कारखाना स्वतः २५०० चा आहे आणि युद्धप्रयोगशाळा, म्हणजे वरच्या दर्जाची शस्त्रे खुली करणारी इमारत, झाल्यावरच बांधता येतो. एका ऱ्हायनोमागे २२५ वाचतात, तेव्हा केवळ ऱ्हायनोच बनवले तर बारावा ऱ्हायनो बाहेर पडल्यावर त्याची किंमत वसूल होते. तोपर्यंत मित्रराष्ट्रांनी आपली प्रयोगशाळा उभारून प्रिझम आणि मिराज हे रणगाडे आणलेले असायला हवेत. त्या टप्प्यावरही जो ग्रिझलीच बनवत राहतो, त्याची अडचण रणगाड्यात नसून वेळापत्रकात आहे. सोव्हिएतांचा अपॉकॅलिप्स, १७५० किमतीचा आणि ८०० हेल्थचा, हाही याच टप्प्यावर येतो; त्याची तुलना ग्रिझलीशी करण्यात अर्थ नाही.

आठवी पायरी: आकडा बदलून पाहायचा असेल तर

काहींना यापुढे जाऊन स्वतःच्या घरापुरते आकडे बदलून पाहावेसे वाटतात, आणि शिकण्यासाठी त्यासारखी दुसरी गोष्ट नाही. मूळ फाइलची प्रत वेगळी ठेवावी, एका वेळी एकच आकडा बदलावा आणि बदललेली फाइल सर्व संगणकांवर टाकावी. बदलण्यापूर्वी मात्र किती गोळ्यांत कोण मरतो, हा दुसऱ्या पायरीतील भागाकार पुन्हा करावा.

समजा, पुतण्याच्या मताप्रमाणे ऱ्हायनो जास्तच भारी आहे आणि त्याचा गोळा ९० वरून ७५ वर आणायचा आहे. ऐकायला ही मोठी कपात वाटते. पण ३०० भागिले ७५ बरोबर ४. म्हणजे ऱ्हायनो अजूनही ग्रिझलीला चारच गोळ्यांत मारतो आणि या दोघांच्या लढाईत काहीही बदलत नाही. तोच आकडा ७४ केला की पाच गोळे लागतात आणि ऱ्हायनोला प्रत्येक ग्रिझलीमागे ६५ फ्रेम जास्त मोजावे लागतात. उलट बाजूने ग्रिझलीचा गोळा ६५ वरून ६६ केला तर ऱ्हायनोसाठी सातच गोळे लागतात, पण ६७ केला की सहा पुरतात. मग वहीतला १.६ हा आकडा १.३८ वर येतो, त्याचे वर्गमूळ सुमारे १.१८ होते, आणि १.२९ पट किमतीचा ऱ्हायनो मोकळ्या मैदानात स्पष्टपणे महाग ठरतो. दोन गुणांची वाढ एवढे करते आणि पंधरा गुणांची कपात काहीच करत नाही.

असा बदल केल्यावर त्या रणगाड्याचा इतर सर्वांशी असलेला हिशेबही पुन्हा तपासावा. ७४ चा गोळा सोडणारा ऱ्हायनो अपॉकॅलिप्सपुढे, इमारतींपुढे आणि खनिज गोळा करणाऱ्या वाहनांपुढे किती गोळे जास्त खर्च करतो, हे प्रत्येकाची हेल्थ आणि चिलखत पाहून एकेका ओळीत लिहावे. आमच्या वहीत सध्या ती यादी अकराव्या ओळीपर्यंत आली आहे, आणि उरलेल्या ओळी पुतण्या स्वतः भरणार आहे.